संस्थेने सिनेटचा फॉर्म भरायला सांगितलंय आणि पीएचडी अर्धी आहे, काय करावं?

मॅडम, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. 2022 मध्ये अनुदानित कॉलेजात अर्थशास्त्राला लागलात, नेट (प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा) पास आहात, पीएचडीची दोन प्रकरणं लिहायची राहिलीत. आणि मागच्या आठवड्यात संस्थेच्या सचिवांनी केबिनमध्ये बोलावून, चहा पाजून सांगितलं की पुढच्या सिनेटला, म्हणजे विद्यापीठाच्या अधिसभेच्या निवडणुकीला, शिक्षक गटातल्या महिला जागेवर आपल्या पॅनलकडून तुमचं नाव टाकतोय, तयारीला लागा. तिकडे संघटनेतले सिनियर सर म्हणतात मॅनेजमेंटच्या पॅनलवर गेलात तर शिक्षकांमधून उठलात म्हणून समजा. शेवटी तुम्ही विचारलंय, "नव्या शिक्षकाने विद्यापीठाच्या राजकारणात पडावं का?"

खरं सांगू का, तुमचा प्रश्न हा नाहीचे. राजकारणात तुम्ही कधीच पडलाय, अनुदानित संस्थेत नोकरी लागली त्याच दिवशी. तुमचा खरा प्रश्न असा दिसतो की ज्या माणसाच्या सहीने माझी फाईल हलते त्याला नाही म्हणता येतं का, आणि म्हटलं तर त्याची किंमत काय. तो विचारायला लाज वाटते म्हणून आपण सगळेच तो तत्त्वाचा करून विचारतो, मीही केलंय. म्हणून उत्तर त्या दुसऱ्या प्रश्नाचं देतो.

माझं थोडक्यात. तेहतीस वर्षं तालुक्याच्या गावच्या कॉलेजात शिकवलं, आता निवृत्त आहे. एक टर्म संस्थेच्या पॅनलवरून सिनेटवर निवडून गेलो, पुढच्या वेळी संघटनेकडून उभा राहिलो आणि दणकून पडलो, त्यानंतर काही वर्षं अभ्यास मंडळावर होतो. म्हणजे तिन्ही घरचं पाणी प्यायलोय.

आधी काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत त्या तुम्हीच तपासा. प्रोबेशन संपून कन्फर्मेशनचं पत्र हातात आहे का? "झालं समजा" नव्हे, पत्र. विद्यापीठाचं अप्रूव्हल, म्हणजे नेमणुकीला मान्यता, आहे का? संस्था एका कॉलेजची आहे की वीस-पंचवीस शाखांची, कारण मोठ्या संस्थेत नाराजी म्हणजे बदली, घरापासून सव्वाशे किलोमीटरवर, आणि एका कॉलेजच्या संस्थेत बदली नाही पण रोज तोंड बघायचं असतं, यातलं काय जास्त वाईट ते ज्याचं त्याने ठरवावं. तुमच्या भागात संघटना जिवंत आहे की फक्त लेटरहेडवर? घरी लहान मूल, आजारी सासू-सासरे? ही उत्तरं वेगळी असतील तर माझा सल्लाही वेगळा होईल. पण तुम्ही जेवढं लिहिलंय त्यावरून माझं मत: यावेळी उभं राहू नका, पण नाही कसं म्हणायचं यावर चार दिवस नीट डोकं चालवा.

आता तुम्हालाच का बोलावलं ते समजून घ्या, म्हणजे चहाचा अर्थ लागेल. 2016 च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात सिनेटवर शिक्षकांच्या दहा जागा आहेत, पाच खुल्या आणि पाच राखीव, त्यात महिलांसाठी एक. मोठ्या संस्थेला खुल्या जागेवर उभे राहणारे पन्नास मिळतात, महिला जागेवर चारचौघांत बोलू शकेल, फिरू शकेल आणि ऐकेल अशी मॅडम शोधावी लागते. त्यात तुम्ही नव्या, म्हणजे तुमचे शत्रू अजून तयार झालेले नाहीत. हा गुण निवडणुकीत फार मोठा असतो बरं का, आमच्याकडे विद्वत्तेपेक्षा त्याला भाव जास्त.

गणितही समजून घ्या. मतदान पसंतीक्रमाचं असतं, नावापुढे 1, 2, 3 असे आकडे टाकायचे. समजा वैध मतं 2,400 आणि जागा पाच, तर कोटा काढताना 2,400 ला सहाने भागून एक मिळवतात, 401. तेवढी मिळाली की निवडून आला, जास्तीची मतं पुढच्या पसंतीला सरकतात, तळाचा बाद होतो आणि त्याचीही सरकतात. त्यामुळे पॅनलमधले काही उमेदवार निवडून यायला उभे केलेलेच नसतात, आपल्या कॉलेजची पहिली पसंती गोळा करायची, बाद व्हायचं आणि मतं वरच्या माणसाला पोचवायची एवढंच त्यांचं काम. त्यांना हे शेवटपर्यंत माहीत नसतं, मतमोजणीच्या रात्री दीड-दोन वाजता कळतं. महिला जागेवर मात्र एकच निवडून यायची, म्हणजे कोटाच निम्म्याच्या वर, त्याच 2,400 मतांत 1,201. तेव्हा तिथे एका संस्थेच्या जोरावर काही होत नाही, चार जिल्ह्यांतली कॉलेजं पालथी घालावी लागतात. सचिव साहेब "तयारीला लागा" म्हणाले त्याचा अर्थ हा: कुणाची तरी गाडी, सोबत पॅनलचे दोन सर, एका दिवसात सहा-सात कॉलेजं, प्रत्येक स्टाफरूममध्ये तेच भाषण आणि तोच नाश्ता. तुमची लेक्चरं सीएचबीवाला, म्हणजे तासिका तत्त्वावरचा शिक्षक, घेणार, आणि तो बिचारा त्याचे तास सोडून तुमचे घेणार कारण त्यालाही नाही म्हणता येत नाही.

एक अवांतर. आपल्याकडे कॉलेजांत विद्यार्थ्यांच्या खुल्या निवडणुका 1994 पासून बंद आहेत. 2016 च्या कायद्याने परत आणल्या, 2019 ला घ्यायचं ठरलं आणि विधानसभेच्या तोंडावर ते पुढे ढकललं गेलं. परिणाम असा की तुमच्या वयाच्या बहुतेक शिक्षकांनी कॅम्पसवर मत मागणं, पडणं, पडल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात जाऊन बसणं हे वीस वर्षांचे असताना अनुभवलेलंच नाही. पहिला अनुभव थेट नोकरीत, थेट मालकाच्या पॅनलवरून. म्हणून जड जातं. यात तुमचा काही दोष नाही.

सिनेटवर जाऊन करायचं काय असतं? कागदावर अर्थसंकल्प, वार्षिक अहवाल, हिशेब, आणि वर्षातून दोनदा बैठक. रोजचा कारभार व्यवस्थापन परिषद बघते, तिच्यावर सिनेटमधूनही थोडे जण निवडून जातात आणि खरी चुरस त्यासाठी असते. सिनेट सदस्याचा खरा उपयोग प्रश्न विचारण्यात आहे, लेखी, वेळेत पाठवून. परीक्षा विभागाचे निकाल का रखडले, अमुक निधी पडून का आहे, अप्रूव्हलच्या फायली सहा-सहा महिने कुठे असतात. चांगला प्रश्न आला की प्रशासन उत्तर शोधायला लागतं आणि उत्तर शोधता शोधता बऱ्याचदा कामच होऊन जातं, हे मी पाहिलंय, म्हणून सिनेट फुकट आहे असं मी कधी म्हणणार नाही. पण प्रश्न विचारायला मोकळं असावं लागतं, आणि तिथेच पॅनलचा हिशेब आडवा येतो.

माझं सांगतो. सिनेटवरची ती एकच टर्म, त्यातली दुसरी की तिसरी बैठक. मी प्रश्न पाठवला होता की संलग्न कॉलेजांत वर्षानुवर्षं रिकाम्या पदांवर तासिका तत्त्वाने माणसं घेतात, त्यांना मानधन कधी आणि किती मिळतं याची माहिती विद्यापीठ गोळा करतं का. साधा प्रश्न, कुणाचं नावही नव्हतं त्यात. माझा नंबर यायच्या आधी मागच्या रांगेतून एक चिठ्ठी आली. आमच्याच संस्थेच्या, व्यवस्थापन गटातून आलेल्या सदस्यांची. लिहिलं होतं, "सर, हा पुढच्या वेळी घेऊ." बस, एवढंच. खाली सहीसुद्धा नाही, गरजच नव्हती. अध्यक्षांनी नाव पुकारलं तेव्हा मी उभा राहून म्हणालो की उत्तर वाचलेलं समजावं. पाच सेकंदाचं काम. खाली बसलो तर शेजारचे सर, दुसऱ्या गटाचे, माझ्याकडे न बघता म्हणाले, "सवय होते."

ती पुढची वेळ कधी आली नाही. आणि गंमत म्हणजे मला कुणी धमकावलं नव्हतं, मी बोललो असतो तर कदाचित काही झालंही नसतं. पण माझ्या प्रचाराची गाडी, पत्रकं, जेवणं, सगळं संस्थेचं होतं आणि मी ते हिशेब न विचारता खाल्लं होतं. ज्याच्या ताटात जेवलो त्याच्यासमोर आवाज निघत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. पुढे संलग्नतेच्या तपासणीला एलआयसीवर, म्हणजे कॉलेज तपासणाऱ्या विद्यापीठाच्या समितीवर, जायला लागलो, तिथे तर काय स्वागत! सत्कार, शाल, श्रीफळ, आणि लायब्ररीत पुस्तकं मोजायच्या ऐवजी जेवणाची वेळ मोजणारे आम्ही. माझी पीएचडी या सगळ्यात साडेचार वर्षं लांबली. थीसिस सबमिट केला तेव्हा गाईड निवृत्तीला आले होते.

आता तुमच्या पीएचडीकडे येतो, कारण माझ्या मते सगळा निकाल तिथे लागतो. सिनेटची मुदत पाच वर्षांची, चालू मुदत 31 ऑगस्ट 2027 ला संपते, म्हणजे मतदार नोंदणी, याद्या, पॅनलच्या बैठका, प्रचार हे सगळं नेमकं त्याच वर्ष-दीड वर्षात, ज्यात तुम्हाला दोन प्रकरणं लिहून, सिनॉप्सिस देऊन, व्हायवा उरकायचाय. यूजीसीच्या 2018 च्या रेग्युलेशननुसार पगाराच्या लेव्हल 10 वरून 11 ला जायला पीएचडी असेल तर चार वर्षं, नसेल तर सहा. लेव्हल 10 च्या मूळ पगाराची सुरुवात 57,700, लेव्हल 11 ची 68,900, अर्थात तुमची इन्क्रिमेंट्स धरून हातातला फरक तेवढा येत नाही, पण जो येतो तो पुढच्या सगळ्या सर्व्हिसवर चालतो. पुढे असोसिएट प्रोफेसर व्हायला पीएचडी लागतेच, प्राचार्य व्हायलाही लागते. आणि कॅसच्या, म्हणजे बढतीच्या, फॉर्ममध्ये बघा, परीक्षेचं काम, एनएसएस, सेमिनार, रिसर्च पेपर या सगळ्याला रकाना आहे. चार जिल्ह्यांत केलेल्या प्रचाराला रकाना नाही.

मग नाही कसं म्हणायचं. पहिली गोष्ट, लवकर. पॅनलची यादी छापायला गेल्यावर दिलेला नकार हा अपमान असतो, आत्ता दिलेला नकार ही फक्त अडचण असते. दुसरं, फोनवर नको आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तर अजिबात नको, समोर जा, शक्यतो तुमच्या विभागप्रमुखांना किंवा प्राचार्यांना आधी कानावर घालून. तिसरं, राजकारण वाईट, मला यात पडायचं नाही असलं काही बोलू नका, ज्या माणसाने आयुष्य त्यात घालवलंय त्याला ते लागतं. तुमच्याकडे खरं आणि त्यांच्याही फायद्याचं कारण आहे ते वापरा. नॅकच्या, म्हणजे कॉलेजला दर्जा देणाऱ्या मूल्यांकनाच्या, वेळी पूर्णवेळ शिक्षकांपैकी पीएचडीधारक किती हा आकडा बघितला जातो आणि प्रत्येक संस्थाचालकाला तो तोंडपाठ असतो. "साहेब, वर्षभरात माझं सबमिशन आहे, गाईड सरांनी वेळ बांधून दिलीय, झालं की आपल्या कॉलेजचा एक आकडा वाढेल. या वर्षी फिरले तर दोन्ही अर्धवट राहील." एवढंच बोला आणि थांबा. आपल्याला सवय असते गप्प झालेल्या खोलीत अजून चार वाक्यं टाकायची, आणि त्यातल्या चौथ्या वाक्यात आपण "बघते साहेब" म्हणून बसतो. "बघते" म्हणजे आमच्याकडे हो.

शिवाय हात रिकामे ठेवून जाऊ नका. नॅकच्या एखाद्या निकषाचं काम, आयक्यूएसीची (कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाची) फाईल, काहीतरी कॉलेजचं काम स्वतःहून मागून घ्या. याला कुणी लाचारी म्हणेल, म्हणू दे. तुम्ही संस्थेचं काम नाकारत नाही, संस्थेचं मत व्हायला नाकारताय, हा फरक त्यांना कामातून दिसला पाहिजे. दुसरं नाव सुचवू नका मात्र. मी एकदा सुचवलं होतं, ते सर निवडून आले आणि आजतागायत माझ्याशी बोलत नाहीत.

किंमत पडेल का? थोडी पडेल. एखाद्या समितीतून नाव गळेल, टाइमटेबलमध्ये सकाळचं पहिलं आणि दुपारचं शेवटचं लेक्चर येईल, असलं काहीतरी. अनुदानित कॉलेजात पगार सरकारकडून येतो, कन्फर्म झालेल्या, अप्रूव्हल असलेल्या शिक्षकाला सिनेटला उभं राहिला नाही म्हणून काढता येत नाही. कॅसची फाईल मात्र मुद्दाम दाबली जाऊ शकते, ते नाकारत नाही. त्यासाठी दरवर्षीचे अहवाल वेळेवर द्या आणि प्रत्येक कागदाची इनवर्ड नंबरसह पोच घ्या. पोच असलेला कागद दाबायला माणूस दोनदा विचार करतो.

संघटनेच्या सरांबद्दल. त्यांचं म्हणणं बरोबर आहे पण तेही पॅनलच आहे, हे विसरू नका. संघटनेने शिक्षकांसाठी जे मिळवलं ते मोठं आहे, तुमच्या-माझ्या वेतनश्रेण्या कुणी ताटात वाढून दिलेल्या नाहीत. 2013 मध्ये एमफुक्टोच्या (प्राध्यापक संघटनांच्या राज्य महासंघाच्या) हाकेवर राज्यभर परीक्षेच्या कामावर बहिष्कार झाला, फेब्रुवारी ते मे, सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी आणि नेट-सेट नसलेल्या जुन्या शिक्षकांचा प्रश्न यासाठी. त्यात लोकांचे पगार अडकले, कोर्टकचेऱ्या झाल्या. मी त्यात होतो, पश्चात्ताप नाही. पण तेव्हा आमच्यातल्याच काहींनी गुपचूप पेपर तपासले आणि नंतर संघटनेच्या स्टेजवर हारही घातले, तेव्हा तत्त्व एका बाजूला आणि स्वार्थ दुसऱ्या बाजूला असं चित्र रंगवून तुम्हाला कुणी दाखवत असेल तर जरा हसून घ्या. सभासद व्हा, वर्गणी भरा, बैठकीला मागे बसून ऐका. "मॅनेजमेंटला नाही म्हटलंत ना, मग आता आमच्याकडून उभ्या राहा" असं ते म्हणतील, त्यांनाही महिला उमेदवार हवीच आहे, तेव्हा त्यांनाही तेच उत्तर द्या. एकाला पीएचडीचं कारण सांगून दुसऱ्याकडून फॉर्म भरलात तर मात्र खरंच उठलात.

आता समजा तुम्हाला मनातून आवड आहे. प्रश्न वाचताना मला ती जाणवली, नाहीतर तुम्ही सरळ "कसं टाळू" असं विचारलं असतं. मग दार दुसरीकडून उघडा. तुमच्या विषयाच्या अभ्यास मंडळाकडे बघा. त्यावर कॉलेजांतले तीन विभागप्रमुख निवडून जातात, बाकी बरेच नेमलेले असतात, तुम्ही आज तिथे बसू शकणार नाही, पण अभ्यासक्रमाच्या उपसमित्यांना काम करणारी माणसं कायम कमी पडतात. आणि सध्या खरं राजकारण तिथे चाललंय. संलग्न कॉलेजांत 2024-25 पासून नवीन शैक्षणिक धोरणाचा आराखडा आला, सेमिस्टरला 22 क्रेडिट, त्यात मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), ओपन इलेक्टिव्ह (आपल्या आवडीने बाहेरून निवडायचा विषय), कौशल्याचे कोर्स. अर्थशास्त्राचा एखादा पेपर मेजरमधून निघून ओपन इलेक्टिव्हमध्ये गेला की तालुक्याच्या कॉलेजात तो कोण घेणार? विद्यार्थी दुसरीकडे वळले की वर्कलोड कमी, वर्कलोड कमी की पुढचं पद भरलंच जात नाही आणि त्या जागी सीएचबीवाला येतो. हा निर्णय एका दुपारी सात-आठ माणसं घेतात, त्यावर पेपरात बातमी येत नाही, कुणी हार घालत नाही. मी सिनेटवर पाच वर्षांत जे केलं त्यापेक्षा अभ्यास मंडळावर एका वर्षात जास्त केलं, ग्रामीण अर्थव्यवस्थेच्या पेपरात बाजार समितीचा प्रत्यक्ष अभ्यास घालून घेतला. पोरं सकाळी सहाला कांद्याच्या लिलावाला जाऊन उभी राहायची आणि आडत, हमाली, तोलाई म्हणजे काय ते मला शिकवायची. उपसमितीवर जायला कुणाच्या गाडीत बसावं लागत नाही, स्वतःच्या तिकिटाने एसटीने जाता येतं.

आणि सगळं ऐकूनही यावेळीच उभं राहायचं ठरवलंत तर तीन गोष्टी आधी समोरासमोर विचारा: खर्च कोण करणार, सभागृहात काय विचारायचं हे कोण ठरवणार, आणि ही जागा जिंकायची आहे की भरायची. पहिल्याचं उत्तर "त्याची काळजी तुम्ही करू नका" असं आलं तर दुसऱ्याचं उत्तरही मिळालं असं समजा. पत्रकांचा, पेट्रोलचा आपला वाटा आपण भरा, थोडा का होईना. मी भरला असता तर ती चिठ्ठी आल्यावर निदान "उत्तर वाचलेलं समजावं" म्हणालो नसतो असं अजून वाटतं.

थोडक्यात परत: या आठवड्यात समोर जाऊन नाही म्हणा, नॅकचा आकडा पुढे करा, कॉलेजचं एखादं काम मागून घ्या, दोन्ही पॅनलना एकच उत्तर द्या, थीसिस संपवा.

आणि हो, उभ्या राहा किंवा नका राहू, मतदार यादी तात्पुरती प्रसिद्ध झाली की त्याच दिवशी नाव बघा. लग्नाआधीचं आडनाव अप्रूव्हलवर आणि नंतरचं कॉलेजच्या रेकॉर्डवर, या कारणाने आमच्या कॉलेजातल्या दोन मॅडमची नावं एकदा यादीतून गेली होती आणि हरकतीची मुदत संपल्यावर लक्षात आलं. तुमच्या अप्रूव्हलच्या पत्रावर कुठलं नाव आहे ते आजच काढून बघा.